अभ्यास कॉलेजचाच

कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात पीएच.डी. करणारा माणूस बहुधा आधीपासूनच कुठल्या तरी कॉलेजात शिकवत असतो. सकाळी सातचं लेक्चर, मग परीक्षा विभागाचं काम, नॅकच्या फायली, अधूनमधून निवडणुकीची ड्युटी, आणि या सगळ्यातून उरलेला शनिवार गाईडसाठी. कळव्याहून धीमी लोकल धरायची, कुर्ल्याला उतरायचं, तिथून रिक्षानं विद्यापीठाचं कालिना संकुल. गाईडना वेळ असला तर तासभर बोलणं होतं. विभागात मीटिंग निघाली तर कागदावर सही घेऊन परत. गाईडना दोष देता येत नाही, त्यांच्या दारातही असेच पाच-सहा जण उभे असतात. काही वर्षं अशी गेली की प्रबंध सबमिट होतो, व्हायवा होतो, नावाआधी ‘डॉ.’ लागतं, आणि सहयोगी प्राध्यापकपदाची फाइल पुढे सरकते.

हे पुस्तक या माणसासाठी आहे, आणि त्यातही ज्याला उच्च शिक्षण हाच संशोधनाचा विषय करायचा आहे त्याच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या भागातल्या कॉलेजशिक्षकाला उच्च शिक्षणाबद्दल रोजच्या रोज जे कळतं, ते कुठल्याही आयोगाला दिल्लीत बसून कळत नाही. पण ते त्याच्या पीएच.डी.त उतरत नाही, कारण आपली पीएच.डी. तशी आखलेलीच नाही. आखणी बदलली तर हाच शिक्षक या विषयातला सर्वांत चांगला संशोधक होऊ शकतो.

एक उदाहरण देतो. दर वर्षी प्रत्येक कॉलेजला अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा, म्हणजे एआयएसएचईचा, फॉर्म भरावा लागतो. कॉलेजांसाठी असतो तो डीसीएफ-दोन. हे काम बहुतेक ठिकाणी एखाद्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतं. तो ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या शेजारी बसून आकडे भरतो. ज्या विद्यार्थिनीनं जातीचा दाखला जोडला पण प्रवेश खुल्या जागेवर घेतला, तिला कुठल्या रकान्यात धरायचं? फी भरून दिवाळीनंतर एकदाही न फिरकलेला मुलगा पटावर आहे की नाही? तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकाला ‘शिक्षक’ म्हणून मोजायचं का? तो शिक्षक आणि ते क्लार्क मिळून यांची उत्तरं ठरवतात आणि बटण दाबतात. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात देशातली उच्च शिक्षणातली पटसंख्या ४.३३ कोटी आणि नोंदणीचं ढोबळ प्रमाण २८.४ टक्के आलं. धोरणं या आकड्यांवर ठरतात. हा आकडा ज्याच्या बोटांखालून गेला, त्याला त्याची खरी ताकद आणि खरी पोकळी दोन्ही माहीत असतात. तरी तोच शिक्षक स्वतःच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हा आकडा छापील अहवालातून उतरवून घेतो आणि पुढे जातो. हे मला फार लागतं.

सर्वेक्षणातला आणखी एक आकडा इथे हवा. २०१४-१५ साली देशात पीएच.डी.ला १.१७ लाख विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. सात वर्षांत ही वाढ. यामागे जिज्ञासा आहेच, पण नियमही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची करायचं ठरवलं, ती तारीख पुढे गेली, आणि जून २०२३ च्या अखेरीस सक्ती उठून नेट-सेट हीच किमान पात्रता राहिली. बढतीची अट मात्र कायम आहे. पोटापाण्यासाठी पदवी घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण अटीपायी केलेलं कामही चांगलं व्हावं अशी व्यवस्था लागते, आणि ती उभी करणं हे विद्यापीठाचं काम आहे.

आपल्याकडे या विषयाला इतिहास नाही असं नाही. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं, परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं काम कॉलेजांचं. संशोधन नंतर आलं, आणि आलं तेव्हा जोरात आलं. गो. स. घुर्ये १९२४ पासून मुंबईत समाजशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली अ. र. देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर केलेला प्रबंध १९४८ साली पुस्तकरूपानं आला आणि तो आजही विद्यार्थी वाचतात. मुंबई विद्यापीठाचा प्रबंध इतकी वर्षं टिकू शकतो, हे आपल्या शिक्षकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. शिक्षणशास्त्रात मुंबईनं १९३६ साली एम.एड. सुरू केलं, आणि या विषयातली देशातली पहिली पीएच.डी.ही १९४३ साली मुंबईनंच दिली, अशी नोंद शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सापडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, जी १९७६ मध्ये पुण्याला गेली. मधल्या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला. आकडेवारी, इतिहास आणि गावातली शाळा या तिन्ही गोष्टी एका वाक्यात आणण्याची नाईकांची हातोटी ज्याला साधेल, त्याचा प्रबंध वाचनीय होईल.

उच्च शिक्षणाचा वेगळा अभ्यास करणाऱ्यांतही मुंबईचं नाव आहे. अमेरिकेतले फिलिप आल्टबाख आज या विषयातले जगातले एक मोठे अभ्यासक समजले जातात. त्यांनी शिकागो विद्यापीठात पीएच.डी. केली ती मुंबईतल्या विद्यार्थी राजकारणावर, आणि त्यातून १९६८ साली ‘स्टुडंट पॉलिटिक्स इन बॉम्बे’ हे पुस्तक आलं. म्हणजे परदेशातला एक तरुण मुंबईच्या कॉलेजांतल्या विद्यार्थी चळवळीकडे बघून आयुष्यभराचा विषय घेऊन गेला. इथे सुमा चिटणीस यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत राहून शिक्षणाच्या समाजशास्त्रावर काम केलं. हायस्कूल आणि कॉलेजातल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांवरचं त्यांचं ‘अ लाँग वे टू गो’ १९८१ चं. पुढे त्या एसएनडीटीच्या कुलगुरू झाल्या, आणि १९९३ मध्ये त्यांनी आल्टबाख यांच्याबरोबर भारतातल्या उच्च शिक्षणाच्या सुधारणांवर ग्रंथ संपादित केला. ही परंपरा समोर असताना आपण शून्यापासून सुरुवात करतोय असं मानायचं कारण नाही.

बाहेर हा विषय स्वतंत्र कसा झाला, तेही पाहू. जी. स्टॅनली हॉल यांनी अमेरिकेच्या क्लार्क विद्यापीठात १८९३ साली उच्च शिक्षणावरचा अभ्यासक्रम घेतला, तिथपासून याची सुरुवात धरतात. जपानात हिरोशिमा विद्यापीठानं १९७२ साली संशोधन संस्था काढली, नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठात १९८४ साली केंद्र निघालं. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, नीपा, २००६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली आणि २०१४ साली तिथे उच्च शिक्षण धोरणासाठी वेगळं केंद्र आलं.

आपल्या दृष्टीनं यापेक्षा महत्त्वाची आहे ती नोकरी करणाऱ्यांच्या डॉक्टरेटवर झालेली चर्चा. अमेरिकेत शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी एड.डी. अशी वेगळी पदवी आहे. हार्वर्डनं ती गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात आणली आणि जवळपास शतकानंतर तिच्या जागी पीएच.डी. आणली. एड.डी. ही पीएच.डी.ची पातळ आवृत्ती झाली, अशी टीका बरीच झाली. म्हणून २००७ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या पुढाकारानं अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन तिची नव्यानं आखणी सुरू केली. त्यांचं मुख्य सूत्र मला पटतं. संशोधकानं आपल्या कामाच्या ठिकाणची एक खरी अडचण घ्यायची, तिच्याबद्दल जगात काय कळलेलं आहे ते वाचायचं, आणि आपल्या जागी ती नेमकी कशी घडते ते पुराव्यानिशी दाखवायचं. आपल्याकडे अशी वेगळी पदवी रुजली नाही. पूर्णवेळ फेलोशिपवर बसलेल्या विद्यार्थ्यानं आणि आठवड्याला सोळा-अठरा लेक्चरं घेणाऱ्या शिक्षिकेनं एकाच साच्यातली पीएच.डी. करायची आहे. म्हणून त्या साच्याच्या आत जागा कुठे आहे, ते शोधणं भाग आहे.

तो साचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम. २००९, २०१६ आणि आता नोव्हेंबर २०२२ चे. सध्या किमान तीन वर्षं आणि कमाल सहा, दोन वर्षांची पुनर्नोंदणी, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं, त्यात संशोधनपद्धती आणि प्रकाशननीती आलीच पाहिजे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी. दर सत्रात सल्लागार समितीपुढे उभं राहायचं. सबमिशनआधी शोधनिबंध छापून आणायची सक्ती गेली, आणि ते बरं झालं. त्या सक्तीनं पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं होतं. दोन तरतुदींकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही. एक, विषय कुठलाही असो, प्रत्येक संशोधकाला अध्यापनाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. म्हणजे प्राणिशास्त्राच्या संशोधकानंही वर्गात शिकणं कसं घडतं याचा विचार करायचा आहे. दुसरी तरतूद अर्धवेळ विद्यार्थ्याच्या ना हरकत पत्राची. त्या पत्रात नोकरीच्या ठिकाणानं लिहून द्यायचं असतं की या व्यक्तीला संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं तिचं काम आहे, आणि कोर्सवर्कसाठी गरज पडली तर तिला मोकळं केलं जाईल. पत्रावर सही होते, शिक्का बसतो, आणि दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक होतं तसंच राहतं. या एका कागदाचा खरा अर्थ लागू झाला तर निम्मं काम होईल. शिक्षकांनी तो कागद फाइलला लावण्याआधी वाचावा आणि त्याच्या आधारावर आठवड्यातला एक दिवस मागावा, असं मी आग्रहानं सांगतो.

आता प्रबंधाकडे. आपल्या भागातल्या एका ठरावीक प्रबंधाचं चित्र काढतो. शीर्षकात ‘ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षकांचे कार्यसमाधान’ अशा चालीचं काहीतरी. पाच प्रकरणं. दुसऱ्यात पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, प्रत्येक परिच्छेदाला एक संशोधक, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तिसऱ्यात पद्धती. मग गुगल फॉर्म, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरवलेला. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ असे पाच पर्याय. दोनशे-तीनशे उत्तरं आली की टी-टेस्ट, आणि निष्कर्ष असा की स्त्री व पुरुष शिक्षकांच्या समाधानात लक्षणीय फरक नाही. शेवटी शासनाला शिफारशी. हे करायला खूप कष्ट पडतात, हे मी जवळून बघतो. पण ज्या स्टाफरूममधून तो फॉर्म भरला गेला, तिथे एकाच टेबलाशी सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारे सर आणि लेक्चरमागे मानधन घेणाऱ्या सीएचबीच्या मॅडम बसलेल्या असतात. दोघं तेच शिकवतात, तेच पेपर तपासतात. फॉर्ममध्ये दोघांचीही नोंद ‘शिक्षक’ एवढीच. सगळ्यात मोठा प्रश्न त्या टेबलावरच होता, आणि प्रश्नावलीत त्याला जागाच ठेवली गेली नाही.

असं का होतं, याचं एक कारण प्रवेशाच्या दारातच आहे. वाणिज्य शिकवणाऱ्या शिक्षकाला कॉलेजबद्दल संशोधन करायचं असलं तरी त्याची पदव्युत्तर पदवी वाणिज्याची, नेट वाणिज्याची, म्हणून नोंदणीही वाणिज्यात होते. त्यामुळे उच्च शिक्षणावरचे कितीतरी प्रबंध वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांत पडून राहतात. तिथल्या गाईडना समाजशास्त्रातलं किंवा शिक्षणाच्या इतिहासातलं वाचन सुचवता येत नाही, आणि शिक्षणशास्त्र विभागाला हे प्रबंध दिसतही नाहीत. आपल्या जवळच याहून वेगळी दोन उदाहरणं आहेत : मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पवईच्या आयआयटीतला शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग. दोन्हीकडे विज्ञान-अभियांत्रिकीतून आलेले लोक शिक्षणावर पीएच.डी. करतात, आधी भरपूर कोर्सवर्क करतात, एकमेकांचं काम ऐकतात आणि त्यावर वाद घालतात. तिथले विद्यार्थी पूर्णवेळ असतात, त्यांना विद्यावेतन असतं, हा फरक मोठा आहे. तरी वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांना एका खोलीत बसवण्याची त्यांची रीत आपल्याला उचलता येईल.

आपल्या भागात प्रश्नांची कमतरता नाही. विद्या प्रसारक मंडळ १९३५ चं. ठाण्यात खाडीकाठी त्यांची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही कॉलेजं १९६९ ची. कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२ चं. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने जोरात होते, कळव्यात मुकंद आणि सिमेन्स, पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी. त्या कामगारांची किती मुलं या कॉलेजांतून पदवीधर झाली, आणि कारखाने मंदावल्यावर पुढच्या पिढीनं कॉलेजकडून काय मागितलं? जुनी प्रवेशरजिस्टरं काढली तर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना बरंच काही बोलेल. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अनुदानित कॉलेजांतही बीएमएससारखे स्वयंअर्थसहाय्यित वर्ग सुरू झाले. एकाच इमारतीत दोन प्रकारची फी, दोन प्रकारचे पगार हे तेव्हापासूनचं. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल कित्येक आठवडे रखडले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ते दिवस तपासणी केंद्रांवर काढलेले शेकडो शिक्षक आज नोकरीत आहेत. एवढा मोठा निर्णय इतक्या घाईनं कसा होतो आणि खालपर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांच्या मुलाखतींतून कळेल. आणि आत्ताचं बघायचं तर दिवा, मुंब्रा, टिटवाळ्याहून सातच्या लेक्चरला निघालेला आणि दुपारी भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारा विद्यार्थी. त्याची हजेरी किती टक्के भरते, हे मस्टर सांगतं. तो का टिकून आहे, हे त्याच्यापाशी बसल्याशिवाय कळणार नाही.

त्याच्यापाशी बसणं सोपं नाही, आणि या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्यावरच आहे. आपल्याच कॉलेजवर संशोधन करणारा शिक्षक दोन्हीकडून अडचणीत असतो. वर्गात त्यानं फॉर्म वाटला तर विद्यार्थी आधी विचार करतो, सरांच्या हातात आपले अंतर्गत गुण आहेत. ‘नाव लिहू नका’ एवढं सांगून ती भीती जात नाही. अक्षर ओळखू येतं, ईमेल दिसतो. म्हणून स्वतःच्या वर्गाऐवजी शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्याच्या वर्गात जावं, त्यानं आपल्या वर्गात यावं. किंवा वर्षाचे गुण लागल्यावर मुलाखती घ्याव्यात. वरच्या बाजूला प्राचार्य आणि संस्थाचालक. नॅकची टीम येणार असेल तर गळतीवरचा प्रबंध कोणाला आवडेल? इथे संशोधकाला विभागाचा पाठिंबा हवा. परवानगीचं पत्र विद्यापीठातून जावं, त्यात कॉलेजचं नाव प्रबंधात येणार नाही हे लिहिलेलं असावं, आणि निष्कर्ष बदलायचा हक्क कॉलेजला नाही हेही तितक्याच स्पष्टपणे असावं. हे आधीच ठरलं नाही, तर शिक्षक नाइलाजानं ‘कार्यसमाधाना’कडे वळतो. त्याला धोका नसलेला विषय हवा असतो, आणि त्याची नोकरी तिथेच असल्यामुळे ते मी समजू शकतो.

दर्जाबद्दल बोलताना आपण साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार विसंबतो. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे शिक्षा चढत जाते. चोरी पकडायला हे ठीक आहे. पण आठ टक्के साम्य असलेला प्रबंधही पोकळ असू शकतो, हे मशीन सांगत नाही. ते सांगायला वाचणारा माणूस लागतो. आज प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढवावे लागतात, कोणालाही घरबसल्या उघडता येतात. तरी नव्या संशोधकाला कोर्सवर्कमध्ये एक अख्खा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावणारे विभाग थोडे. मला ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी सुधारणा वाटते : प्रत्येकानं दोन प्रबंध वाचायचे, एक गाजलेला आणि एक आपल्याच जिल्ह्यातला, आणि त्यांतला दावा कुठे सिद्ध झाला, कुठे नाही, हे गटापुढे मांडायचं. ओपन व्हायवालाही तोच न्याय. समोर मित्रमंडळी आणि घरचे असतात, आणि असावेतच. पण ज्यांच्यावर संशोधन केलं त्या कॉलेजातले दोन-तीन लोकही बोलवावेत, आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.

मुलाखती मराठीत, हिंदीत, मुंब्र्यात उर्दूत होतात, आणि प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो. विद्यार्थ्याचं मूळ बोलणं परिशिष्टात जसंच्या तसं द्यायला कोणाचीच हरकत नसावी. ज्यांना प्रबंध मराठीत लिहायचाय त्यांनी तो मराठीतच लिहावा. विषय इथला आहे, वाचणारेही इथले आहेत.

पुढची प्रकरणं या क्रमानं येतात : प्रश्न शोधणं, कागदपत्रं वाचणं, आपल्याच संस्थेत संशोधन करणं, आकड्यांशी वागणं, लिहिणं. कागदपत्रांच्या प्रकरणात सिनेटचं अंदाजपत्रक, नॅकचे स्वयंमूल्यमापन अहवाल आणि एआयएसएचईचा फॉर्म रकान्यारकान्यानं समजावून दिला आहे. आकड्यांच्या प्रकरणात टी-टेस्ट आहे, पण ती शेवटी आहे.

आणि एक सूचना, जी या पुस्तकाच्या निमित्तानं विद्यापीठाकडे करावीशी वाटते. कळव्यावरून खाडी ओलांडली की बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरच्या शिक्षकांसाठी उच्च शिक्षणाचं कोर्सवर्क तिथे दर शनिवारी चालवता येईल. आंतरविद्याशाखीय विषयासाठी सहमार्गदर्शक घ्यायची मुभा २०२२ च्या नियमांत आहेच. तेव्हा एक गाईड शिक्षकाच्या मूळ विषयाचे आणि एक शिक्षणशास्त्राचे किंवा समाजशास्त्राचे असावेत. पहिल्या सत्रात विषय ठरवायची घाई नको. दहा-बारा शिक्षकांनी मिळून या भागातलं एकच कॉलेज घ्यावं, त्याचे गेल्या वीस वर्षांचे प्रवेश, निकाल आणि शिक्षकांच्या नेमणुका मांडाव्यात, ऑफिसातल्या क्लार्कपासून माजी विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांशी बोलावं, आणि मगच प्रत्येकानं आपला प्रश्न लिहून समितीपुढे न्यावा.